कॅन्सरच्या उपचारांनंतर सांधे धरले तर काय करायचं: सोलापूरच्या मैत्रिणींसाठी

ऑपरेशन झालं, केमो संपली, शेकही (रेडिएशन) पूर्ण झाले. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. मग रोजची एक छोटी गोळी सुरू होते. महिना-दोन महिने जातात आणि एके दिवशी सकाळी उठताना गुडघे वाकेनासे होतात, मूठ मिटत नाही, कुकरचं झाकण निघत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, ‘वय झालं, वात असणार.’ आपल्या मनात मात्र वेगळंच येतं: रोग हाडात तर गेला नाही ना?

मी डॉक्टर नाही. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार घेतलेली, अजूनही लेट्रोझोल नावाची तीच रोजची गोळी घेणारी बाई आहे. नव्याने या वाटेवर आलेल्या बायकांशी बोलताना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. दुखणं खरं आहे, त्यावर उपाय आहेत, पण दुखतंय म्हणून गोळी गुपचूप बंद करायची नाही.

पायरी १: आपल्याला काय दिलंय ते आधी वाचा

फाईल उघडा आणि गोळीच्या पाकिटावरचं नाव पाहा. कंपनीचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव शोधा. लेट्रोझोल (२.५ मिलिग्रॅम), अ‍ॅनास्ट्रोझोल (१ मिलिग्रॅम) किंवा एक्झेमेस्टेन (२५ मिलिग्रॅम) यांपैकी एक असेल, तर सांधे धरण्याचं कारण बहुधा तिथेच आहे. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरातही थोडं इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन) बनत असतं, मुख्यतः चरबीत. त्यासाठी अरोमाटेज नावाचं एक द्रव्य लागतं. या तिन्ही गोळ्या ते द्रव्य अडवतात. हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरचं खाद्य तुटतं, म्हणूनच तर गोळी दिली आहे. पण इस्ट्रोजेन अगदी तळाला गेलं की सांधे आणि स्नायूबंधही कुरकुरू लागतात.

या गोळ्या घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या बायकांना कमी-अधिक सांधेदुखी होते. ती बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत सुरू होते आणि सहा महिन्यांच्या आसपास सर्वांत जास्त जाणवते. दोन्ही बाजूंना सारखी दुखते: दोन्ही हातांची बोटं, दोन्ही मनगटं, गुडघे, घोटे. सकाळी आखडल्यासारखं वाटतं, थोडी हालचाल झाली की सैल पडतं. काहींचं एखादं बोट वाकलेलं अडकतं आणि कट्‌ करून सुटतं. काहींच्या हाताला रात्री मुंग्या येतात, कारण मनगटातली नस दाबली जाते. आधी पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसेटॅक्सेलची केमो झाली असेल, तर हा त्रास होण्याची शक्यता वाढते.

टॅमॉक्सिफेन, म्हणजे हार्मोनला अडवणारी दुसऱ्या प्रकारची गोळी, घेत असाल तर सांधेदुखी होऊ शकते, पण सहसा कमी. पाळी चालू असलेल्या तरुण बाईला अंडाशय शांत करण्याचं इंजेक्शन आणि सोबत लेट्रोझोलसारखी गोळी दिली असेल, तर शरीर एकदम रजोनिवृत्तीत ढकललं जातं आणि दुखणंही जोरात येऊ शकतं. अशांनी इंजेक्शनची तारीख अजिबात चुकवू नये, कारण अंडाशय चालू राहिले तर ती गोळी एकटी पुरी पडत नाही.

प्रत्येक दुखणं गोळीचंच असेल असंही नाही. ते कधी सुरू झालं यावरून बरंच कळतं. पॅक्लिटॅक्सेलच्या सलाईननंतर दोन-तीन दिवसांनी अंग ठणकतं आणि आठवडाभरात उतरतं. पांढऱ्या पेशी वाढवण्याच्या इंजेक्शननंतर कंबर आणि मांड्यांची हाडं दुखतात, तेही काही दिवसच. हाडं मजबूत करणाऱ्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या पहिल्या डोसनंतर तापासारखी कणकण येते आणि दोन-तीन दिवसांत जाते. ऑपरेशनच्या बाजूचा खांदा वर जात नसेल तर ते ऑपरेशन आणि शेक यांमुळे आलेलं आखडणं आहे, त्याचा व्यायाम वेगळा. इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्ती जागवून कॅन्सरशी लढवणारे उपचार) झालेल्या बाईचे सांधे सुजले तर ती गोष्ट लगेच कॅन्सरच्या डॉक्टरांच्या कानावर घालायची. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटलेली असू शकते.

पायरी २: थांबायचं नाही अशा खुणा

हे आधी वाचून ठेवा. घरातल्या एका माणसालाही वाचायला द्या.

एकाच हाडात, एकाच जागी दुखतंय, दिवसेंदिवस वाढतंय, रात्री झोपेतून उठवतंय आणि पडून राहिल्यानेही कमी होत नाही, असं असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पाठ दुखते आणि पायातली ताकद कमी झाली, पाय बधिर झाले किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. मणक्यातली नस दाबली जात असेल तर तिथे तासांचा हिशोब असतो. एकच सांधा लाल, गरम, टम्म सुजलेला आणि अंगात ताप, हेही त्याच दिवसाचं काम. ऑपरेशनच्या बाजूचा हात अचानक लाल आणि गरम होऊन ताप आला, तरी तसंच. टॅमॉक्सिफेनवर असताना एकाच पायाची पोटरी सुजली किंवा दम लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते, त्यात वेळ घालवायचा नाही.

यातलं काहीच नसेल आणि दुखणं दोन्ही बाजूंना, सकाळी जास्त, हालचालीने कमी होणारं असेल, तर घाबरून रात्र जागू नका. तरी डॉक्टरांना सांगायचं आहेच.

पायरी ३: वहीत लिहा, मग बोला

ओपीडीत आपल्याला काही मिनिटं मिळतात. तिथे ‘सगळं अंग दुखतं हो’ असं म्हटलं की डॉक्टरांच्या हाताला काही लागत नाही. साधी वही घ्या. रोज रात्री तीन गोष्टी: कुठे दुखलं, दहापैकी किती, आणि कोणतं काम अडलं. ‘भाकरी थापताना मनगट’, ‘जिना उतरताना गुडघा’, ‘सकाळी अर्धा तास मूठ मिटत नाही’. गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली ते पहिल्या पानावर लिहा. बायका दहापैकी आठ दुखत असतानाही ‘बरं आहे’ म्हणतात, सोबत आलेल्या मुलाला वाईट वाटू नये म्हणून. वहीमुळे ते टळतं.

डॉक्टर काही तपासण्या सांगतील. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि थायरॉईड या नेहमीच्या. सांधे खरोखर सुजलेले दिसत असतील तर आमवातासाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या. आमवातात बोटांचे सांधे फुगतात आणि सकाळचं आखडणं तासभर किंवा त्याहून जास्त टिकतं. तसं असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे पाठवतील. आणखी एक गोष्ट मी प्रत्येकीला विचारते: मागच्या पावसाळ्यात ताप येऊन गेला होता का? चिकुनगुनियाने धरलेले सांधे महिनोन्‌महिने सुटत नाहीत, आणि आपण उगाच सगळा दोष गोळीला देतो. असा ताप आला असेल तर तो सांगायचा.

पायरी ४: चालायला लागा

सगळ्यात जास्त उपयोग ज्याचा होतो, तेच ऐकायला सगळ्यात नकोसं वाटतं. दुखतंय तर हालचाल कशी करायची, हा प्रश्न रास्त आहे. पण अमेरिकेत अशाच गोळ्यांवर असलेल्या, सांधे दुखणाऱ्या १२१ बायकांवर एक अभ्यास झाला, २०१५ साली तो छापून आला. निम्म्या बायकांनी वर्षभर आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम केला. त्यांचं सर्वांत वाईट दुखणं सुमारे २९ टक्क्यांनी उतरलं. बाकीच्यांचं जिथल्या तिथे राहिलं, उलट किंचित वाढलं. या दुखण्यासाठी इतका फरक पाडणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत, आणि यातली चालण्याची बाजू तर फुकट आहे.

१५० मिनिटं म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, रोज अर्धा तास. पहिल्या दिवशी अर्धा तास करायला जाऊ नका. दहा मिनिटं चाला, आठवड्याने पाच वाढवा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे. आपल्या सोलापूरचं ऊन ठाऊक आहेच. मार्चपासून जूनपर्यंत सकाळी सातच्या आत घरी परत यायचं किंवा सूर्य मावळल्यावर निघायचं. हुतात्मा बाग, सिद्धेश्वर तलावाचा परिसर, कंबर तलावाची बाजू, जे जवळ असेल ते. बाहेर पडणं अवघड वाटत असेल, केस अजून आलेले नाहीत म्हणून किंवा लोक विचारतात म्हणून, तर गच्चीवर चाला. तेवढंच चालणं तिथेही होतं. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला, थंडीने सांधे जास्त आखडतात. तेव्हा आधी घरात अंग मोकळं करून मग निघा. चप्पल घासलेली नको. मागे पट्टा आणि टाचेला आधार असलेली घ्या.

ताकदीच्या व्यायामाला महागडं काही लागत नाही. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, आधी पाच वेळा, मग दहा. खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, पाच अंक मोजेपर्यंत धरा, खाली. भिंतीला हात लावून दंड काढल्यासारखं पुढे-मागे. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत धरून कोपरातून वर-खाली. ‘ऑपरेशनच्या हाताने कधी काही उचलायचं नाही’ असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगितलं असेलच. हळूहळू, थोडं थोडं वजन वाढवत केलेल्या व्यायामाने हाताची सूज वाढत नाही, हे २००९ सालच्या एका अभ्यासात दिसून आलं. तरीही हात आधीच सुजलेला असेल तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच सुरुवात करा, आणि सुजेसाठी स्लीव्ह (हातावर घालायची घट्ट बाही) दिली असेल तर ती घालून.

आखडलेल्या खांद्यासाठी भिंतीसमोर उभं राहा. बोटांनी भिंतीवर चढत जा, जिथे ताण येतो तिथे थांबा, तिथे पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या दिवशी खुणेच्या थोडं वर. जोराने ओढायचं नाही, आणि ‘मोकळा करून देतो’ म्हणणाऱ्या कुणाच्या हातात तो खांदा द्यायचा नाही.

सकाळी हातांसाठी: कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात पाच-दहा मिनिटं बुडवून मूठ उघडा-मिटा, प्रत्येक बोट अंगठ्याला लावा. चहा ठेवायच्या आधी हे करा, नाहीतर दिवसभर राहून जातं. केमोने बोटं बधिर झालेली असतील तर पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या कुणाकडून बघून घ्या. त्याच कारणाने ऑपरेशनच्या बाजूच्या छातीला, खांद्याला आणि हाताला गरम पिशवी लावू नका. तिथली कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही, आणि उष्णतेने सूज वाढू शकते. गुडघ्याला गरम पिशवी चालते.

पायरी ५: कामाची बैठक बदला

आपल्याकडे कितीतरी बायका बिड्या वळतात. मांडीवर सूप, मांडी घातलेली, तासन्‌तास बोटांची तीच तीच हालचाल. या गोळीवर असताना गुडघा आणि अंगठा दोन्ही यात भरडले जातात. काम सोडा असं सांगणं सोपं आहे. घर त्यावर चालत असेल तर त्या सांगण्याला अर्थ नाही. म्हणून एवढं करा: खुर्चीवर बसा, समोर स्टुलावर सूप ठेवा. अर्ध्या तासाने उठून चार पावलं टाका आणि बोटं ताणा. पानं नीट भिजलेली असतील तर कात्रीला जोर कमी लागतो. बोट अडकायला लागलं असेल तर वाट बघू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पट्टी आणि विश्रांती लवकर मिळाली तर बरेचदा भागतं.

टॉवेल-चादरींच्या शिलाईचं काम असेल, तर मशीनसमोरची खुर्ची अशा उंचीची हवी की खांदे वर उचलले जाणार नाहीत. घरात: ओली सोलापुरी चादर पिळणं दुसऱ्याला द्या. ती पिळताना मनगटाला जो पीळ बसतो तो दुखऱ्या सांध्याला नको. भाकरी ओट्याजवळ उभं राहून थापा. जमिनीवरून उठणं-बसणं जितकं कमी, तितकं बरं. हे घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. बाहेरून आपण धडधाकट दिसतो, त्यामुळे न सांगता कुणाला कळत नाही.

पायरी ६: औषधं, कोणती आणि कुणाला विचारून

पॅरासिटामॉल सर्वांत आधीचं. रोज लागत असेल तर दिवसाला जास्तीत जास्त किती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या काही दिवसांसाठी चालतात, पण किडनी, पोट आणि रक्तदाब यांच्यावर त्यांचा ताण येतो, म्हणून मेडिकलमधून परस्पर घेत राहू नका. एका-दोन सांध्यांनाच दुखत असेल तर लावायचं जेल बरं.

यांनी भागलं नाही तर ड्युलॉक्सेटिन नावाच्या औषधाबद्दल विचारा. ते मूळचं नैराश्यासाठीचं आहे, पण दुखण्याचा संदेश मेंदूपर्यंत पोचतो त्या वाटेवरही काम करतं. अशाच गोळ्यांनी सांधे धरलेल्या बायकांवर ते तपासलं गेलं आणि बारा आठवड्यांत दिखाऊ (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरलं. ‘मला वेड लागलंय का’ म्हणून ते नाकारू नका. टॅमॉक्सिफेनवर असाल तर मात्र आधी सांगा, कारण या वर्गातली काही औषधं टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतात. अ‍ॅक्युपंक्चरचाही २२६ बायकांवर अभ्यास झाला आणि थोडा फायदा दिसला. करायचं असेल तर प्रशिक्षित माणसाकडे, आणि सुजेचा धोका असलेल्या हातात सुया नकोत. ओमेगा-३ च्या कॅप्सूलवर मात्र पैसे घालवायची घाई करू नका. खरी कॅप्सूल घेणाऱ्या आणि दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्या, दोघींनाही तितकंच बरं वाटलं.

आता सगळ्यात कळकळीने सांगायची गोष्ट. ‘वाताच्या पुड्या’. कागदात बांधलेली, नाव नसलेली पावडर, दोन दिवसांत सांधे मोकळे. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं, म्हणून तर एवढ्या झटपट बरं वाटतं. पुढे साखर वाढते, तोंडावर सूज येते, हाडं ठिसूळ होतात, आणि आपल्या हाडांवर गोळीचा ताण आधीच असतो. शतावरी कल्पही बायकांना प्रेमाने दिला जातो, शक्ती यावी म्हणून. शतावरीत इस्ट्रोजेनसारखं काम करू शकणारे घटक असतात. एकीकडे इस्ट्रोजेन अडवायला गोळी घ्यायची आणि दुसरीकडे हे, असं नको. आयुर्वेदिक असो वा होमिओपॅथिक, पाकीट घेऊन जा आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवून विचारा.

पायरी ७: तरीही सहन होत नसेल तर गोळी बदलता येते

हे अनेकींना माहीतच नसतं, आणि म्हणून त्या गोळी डब्यात ठेवून देतात आणि घरी सांगतात की घेतली. तसं करू नका. डॉक्टर स्वतःच दोन ते चार आठवडे गोळी थांबवून बघू शकतात. दुखणं उतरलं तर कारण पक्कं होतं. मग तिन्हीपैकी दुसरी गोळी सुरू करतात. एकीने सांधे धरले म्हणजे दुसरीने धरतीलच असं नाही. फ्रान्समध्ये अ‍ॅनास्ट्रोझोल सांधेदुखीमुळे सोडावं लागलेल्या १७९ बायकांना महिन्याभराच्या खंडानंतर लेट्रोझोल दिलं, आणि दहातल्या सातजणी सहा महिन्यांनंतरही ते घेत होत्या. तेही जमलं नाही तर टॅमॉक्सिफेनचा पर्याय राहतो. उपचार साधारण पाच वर्षांचा, काहींना त्याहून लांब. एवढ्या मोठ्या पल्ल्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतलेला दोन ते चार आठवड्यांचा खंड सहसा चालून जातो. परस्पर सोडून दिलेली गोळी मात्र आजार परत येण्याची शक्यता वाढवते.

पायरी ८: हाडांकडे लक्ष

सांधे दुखतात ते जाणवतं, हाडं विरळ होतात ते जाणवत नाही. गोळी सुरू होताना आणि नंतर एक-दोन वर्षांनी डेक्सा स्कॅन (हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी तपासणी) कधी करायचा, ते विचारा. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ज्वारीच्या भाकरीने ते भरून निघत नाही. नाचणीची भाकरी किंवा आंबील, दूध-दही, आणि तीळ. भोगीला बाजरीच्या भाकरीवर आपण तीळ लावतो ते वर्षातून एकदाच का? रोजच्या शेंगाचटणीत मूठभर भाजलेले तीळ घाला. कॅल्शियमची गोळी दिली असेल आणि थायरॉईडचीही असेल, तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. ड जीवनसत्त्वाचा डोस तपासणी बघूनच, कारण जास्तही बाधतं. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड सुरू करायच्या आधी दात दाखवून घ्या. किडलेला दात काढायचा असेल तर तो आधीच काढलेला बरा. न्हाणीघरात रबरी चटई आणि रात्री एक दिवा. या काळात पडणं परवडत नाही.

कुठे जायचं, खर्चाचं काय

जिथे उपचार झाले तिथली फाईल आणि तारीख सोडू नका. मग ते बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय असो, सोलापुरातलं असो की मुंबईचं टाटा. सांधेदुखीसाठी प्रत्येक वेळी मुंबई गाठायची गरज नसते. टाटाच्या डॉक्टरांना विचारा की फिजिओथेरपी आणि रक्ततपासणी सोलापुरात केली तर चालेल का, आणि तसं फाईलवर लिहून घ्या. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपीची चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. कोणता खर्च योजनेत बसतो आणि कोणता नाही, हे त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा. गोळी विकत घ्यावी लागत असेल तर जनऔषधी केंद्रात कंपनीचं नाव न सांगता औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम सांगा, किंमत बरीच उतरते. पाकिटावर तेच नाव आणि तोच डोस आहे ना, हे दुकानातच तपासा, आणि शेवटची पट्टी फोडलीत की त्याच आठवड्यात पुढची आणून ठेवा.